लाल दोरा, चार गाठी

नाचणगाव,
१६ ऑक्टोबर २०२५

आई,

रक्षा बरी आहे. हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं ऐकताना तुमचा जीव टांगणीला राहणार नाही. काल दुसऱ्यांदा रक्त तपासलं. लिव्हरचे आकडे खाली आलेत. आठ दिवसांनी अजून एकदा बोलावलं आहे. ती जेवते, खेळते. मागच्या दाराशी जाऊन आजीला हाका मारते.

नमस्कार राहिला. तो इथे लिहिला असं समजा.

सोमवारी तुम्ही निघून गेलात तेव्हा मी रक्षाला आंघोळ घालत होते. बाहेर आले तर खुंटीवर तुमची पिशवी नव्हती. चहाचा गंज घासून पालथा घातलेला होता. दुपारी बाबाराव मामांचा फोन आला, बहीण माझ्याकडे गिरडला पोचली म्हणून. सांगितलं असतं तर नीलेशने गाडीने सोडलं असतं. त्याची आई एसटीच्या गाड्या बदलत माहेरी गेली, हे त्याला लागलं आहे.

तुमचा फोन इथेच टीव्हीच्या फळीवर राहिला. पोस्टाने पाठवत नाही, फुटेल. मामांच्या फोनवर तीनदा केला. तिन्ही वेळा तुम्ही गोठ्यात होतात. मामांकडे एकच म्हैस आहे. म्हणून पत्र लिहिते. मामांची सून अंकिता वाचून दाखवेल.

मला स्पष्ट लिहायचं आहे. तुम्ही परत यावं, दिवाळीच्या आत यावं. मात्र यापुढे रक्षाला औषध फक्त मी देईन. तुम्ही नाही आणि नीलेशही नाही. औषधांचा डबा आलमारीच्या वरच्या कप्प्यात ठेवून कुलूप लावलं आहे. किल्ली माझ्याकडे असेल.

यात राग नाही. तुमच्या हातून झालं ते अजाणता झालं, असंच मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. ती लहान बाटली तापाच्या थेंबांची होती. थेंबांचं औषध मोठ्या बाटलीतल्या सिरपपेक्षा चौपट कडक असतं, हे शिकलेल्यांनाही माहीत नसतं. तुम्ही ते झाकणाने दिलंत. दोनदा. वीस महिन्यांच्या मुलीला. तीन दिवस सलाईन लागलं, पण निभावलं. दवाखान्यात मी जे बोलले ते घाबरून बोलले.

माझ्यापुरता हा विषय संपला. तुम्हीही संपवा.

सुरभी


नाचणगाव,
२ नोव्हेंबर २०२५

आई,

कार्ड मिळालं. अक्षर अंकिताचं, वाक्यं तुमची. 'पोरीले जपजो. लक्ष्मीपूजनाले दुकानातल्या तराजूले हळदकुंकू लावजो.' येण्याबद्दल काही नाही.

तराजूला हळदकुंकू लावलं. अनारसे केले नाहीत, मला येत नाहीत. रक्षाने फटाक्यांचे आवाज ऐकून तुमच्या खोलीत धाव घेतली आणि रिकाम्या खाटेखाली जाऊन बसली. तिला बाहेर काढायला अर्धा तास लागला.

आनंदाबाई आत्या आल्या आहेत. कॉलेजच्या सुट्ट्या संपल्या की मी थोडी रजा काढणार आहे, तोवर सोबतीला म्हणून नीलेशने त्यांना आणलं. तुमच्या नणंदबाई कशा आहेत ते तुम्हाला माहीत आहे. पहिल्याच संध्याकाळी ओट्यावर बसून म्हणाल्या, 'प्रमिलाले शिकलेली सून पाहिजे होती. भेटली. आता ते तिकडे म्हशी धुऊन राह्यली.' नीलेश हसला. मग हसायचा थांबला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला विचारलं, 'बाटल्याइचे दोरे कुठी गेले वो?'

मी म्हणाले, 'मुंग्या लागत होत्या.'

मग त्यांनी सांगितलं की नीलेशचे बाबा आपल्या कृषी केंद्रात फवारणीच्या विषाच्या बाटलीला काळा दोरा बांधून द्यायचे. ज्या घरात कुणाला वाचता येत नाही, तिथे ती बाटली तेलाच्या शेजारी जाऊन बसू नये म्हणून. तुम्ही तीच रीत घरात आणलीत, नीलेश लहान असताना. सहा वर्षं मी या घरात आहे. मला तो गंडादोरा वाटत होता. तुम्ही कधी सांगितलं नाहीत. मीही विचारलं नाही.

घरात आता रक्षासाठी एकही बाटली नाही. तुम्ही गेल्यावर आठच दिवसांनी डबा उघडला आणि तिच्या सगळ्या बाटल्या टाकून दिल्या. खोकल्याच्या औषधाने मुलं दगावल्याच्या बातम्या तुमच्याही कानावर आल्या असतील. कॉलेजातल्या बाया एकमेकींना फोटो पाठवतात, हे देऊ नका, ते देऊ नका. मी सगळे जपून ठेवते. मागच्या आठवड्यात रक्षाला कसकस होती. दुपारभर ओल्या फडक्याने पुसत बसले. ताप उतरला. औषधाशिवाय उतरला. मला काहीतरी जिंकल्यासारखं वाटलं.

नीलेश अधूनमधून एकच विचारतो. 'आईनं तुले फोन काऊन नाई केला?' मी त्याला सांगितलं आहे की सत्र परीक्षा सुरू होती, माझा फोन बंद होता. तेच मी दवाखान्यातही सांगितलं. तुम्ही तिथे होतात.

या महिन्यात या.

सुरभी

अंकिता, इथून पुढचं मनात वाच. त्या दिवसाबद्दल आई तुमच्याकडे काही बोलल्या का? फोनबिनचं काही? मला वेगळ्या कागदावर कळव. त्यांना विचारू नकोस.


नाचणगाव,
१७ नोव्हेंबर २०२५

आई,

काल रविवारी रक्षा सकाळी सातला कान धरून उठली. थोडा ताप होता, पण दुखणं कानाचं होतं. हात लावू देईना. मी फडकं तव्यावर गरम करून कानाशी धरलं. ती किंचाळायची, दमायची, पुन्हा किंचाळायची.

दहाला नीलेश ताप-दुखण्याच्या सिरपची बाटली घेऊन आला. मी ती टेबलावर ठेवली आणि खोक्यातला कागद काढून वाचला. दोनदा वाचला.

'दे न वो थोडं,' नीलेश म्हणाला.

'थोडं म्हणजे किती?'

'लिहिलं असन त्याच्यावर.'

'वजनावर लिहिलंय. तिचं वजन किती आहे?'

त्याला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. दुकानात सोयाबीनचं पोतं तोलायचा काटा आहे, आणि मुलीचं वजन आम्हा दोघांना माहीत नाही. तुम्हाला माहीत असायचं. अंगणवाडीत तुम्हीच न्यायच्या.

बारा वाजले, एक वाजला. बाटली टेबलावर तशीच होती, सील न फोडलेली. मी तिच्याकडे बघायचे आणि मला ते तीन दिवस आठवायचे. अडीच वाजता आत्याबाई माझ्यासमोर उभ्या राहिल्या. 'पोरगी रडून रडून निळी पडली, अन् तू कागद वाचून राह्यली. कोनती परीक्षा हाये तुही?'

पुलगावच्या त्या म्हाताऱ्या डॉक्टरीणबाई रविवारी घरी असतात. नीलेश तोवर दुकानात गेला होता; मी आणि आत्याबाईंनी तिला त्यांच्याकडे नेलं. त्यांनी कानात बत्ती धरून पाहिलं.

'केव्हापासून दुखून राह्यलं?'

'सातपासून.'

'काय दिलं?'

'काही नाही.'

'काऊन?'

मी ऑक्टोबरचं सांगितलं. सगळं नाही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, रक्षाला काट्यावर उभं केलं आणि वाचलं, दहा किलो आठशे. मग माझ्याच हातातली बाटली घेऊन सील फोडलं, सोबतच्या पिचकारीत औषध भरलं आणि तिच्या गालात सोडलं. मला म्हणाल्या, 'त्या दिवशी जास्त गेलं, म्हणून आज मुळीच नाही? हे कोणतं शास्त्र? आठ तास दुखत ठेवलं तुम्ही लेकराला. हे मापाचं औषध आहे. माप सांभाळा अन् द्या.'

अर्ध्या तासात रक्षा बाकावर झोपली. तोंड उघडं टाकून, गालावर सुकलेलं पाणी. मी तिच्या पायाशी बसले होते.

त्यांनी कागदावर लिहून दिलं आहे. एका वेळी किती मिली. दोन वेळांत निदान सहा तास. दिवसात चारदापेक्षा जास्त नाही. एका बाटलीचं झाकण किंवा पिचकारी दुसऱ्या बाटलीला वापरायची नाही. बाटली बदलली की दुकानात विचारायचं, हे किती कडक आहे. वजन वाढलं की माप पुन्हा विचारायचं. कानाचं वेगळं औषध दिलं आहे, ते पाच दिवस चालेल.

पण पत्र लिहायचं कारण वेगळं आहे. संध्याकाळी मी कपडे काढायला गच्चीवर गेले. खाली आले तर नीलेश पिचकारी भरून रक्षासमोर बसलेला.

'दवाखान्यात दिलंय,' मी ओरडले.

'मले कोनं सांगतलं?'

कुणीच सांगितलं नव्हतं. मी त्या बाटलीवर घरी आल्याबरोबर लेबल लावलं होतं. औषधाचं नाव, मुदत, माप, सगळं माझ्या अक्षरात. आज कितीदा देऊन झालं, हे त्यावर कुठेच नव्हतं.

तेव्हा मला तुमचा लाल दोरा आठवला. तापाच्या बाटलीच्या गळ्याला असायचा. त्याला गाठी असायच्या. सकाळी चार दिसायच्या, कधी दुपारी तीन, कधी दोन. मला वाटायचं आपोआप सुटतात.

तो कसा बांधायचा, ते अंकिताला सांगा. ती लिहून कळवेल.

तुमच्या फोनची काळजी करू नका. नीट ठेवला आहे.

सुरभी


नाचणगाव,
२२ नोव्हेंबर २०२५

अंकिता, हे पत्र मोठ्याने वाच. मामा-मामी घरात असताना वाच. शेजारच्या बाया ओट्यावर बसल्या असतील तर त्यांना बसू दे. दिवाळीनंतरच्या पत्रात शेवटी तुला मनात वाच म्हटलं होतं, तेही आधी वाचून दाखव. नंतर हे.

आई,

काल मी दुकानात बसले होते. नीलेशला बँकेत जायचं होतं, तो निघायच्या बेतात होता. कवडू आला, आपल्या मागच्या आळीतला. तुरीवर अळी आहे म्हणून औषध घेतलं. नीलेशने बाटली पुढे केली. कवडू हात मागे घेऊन उभा राहिला.

'भाऊ, दोरा?'

'अबे, तुह्या पोराले वाचता येते न आता.'

'पोरगं नागपूरले हाये. घरी बुढी हाये अन् लेकरं हाये. बांधा तुमी.'

नीलेशने गल्ल्याखालून काळ्या दोऱ्याचं रीळ काढलं आणि न बघता बांधला. बाबांसारखाच. दोन वेढे, एक गाठ. मी सहा वर्षांत हे पाहिलं नव्हतं, कारण मी दुकानात कधी बसले नव्हते.

आता त्या दिवसाचं.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात दिवाळीची सफाई काढली, तेव्हा डब्यातल्या सगळ्या बाटल्यांचे दोरे मी कापले. मुंग्या लागत होत्या हे खरं आहे. पण मी मुंग्यांमुळे कापले नाहीत. त्याच्या आदल्या आठवड्यात कॉलेजातल्या दोघी घरी आल्या होत्या. एकीने डबा पाहून विचारलं, 'हे काय, नजर लागू नये म्हणून?' आणि मी तिच्यासोबत हसले. नंतर दोरे कापून लेबलं लावली. थेंबांच्या बाटलीला तुम्ही पांढरा दोरा बांधला होता. तिचा ड्रॉपर चिरला होता, तो मी फेकला आणि दुसरं झाकण बसवलं. तुम्हाला सांगितलं नाही.

९ तारखेला, गुरुवारी, रक्षाला लसीचा ताप होता. सकाळी मोठ्या बाटलीतलं उरलेलं औषध मी दिलं आणि परीक्षेला गेले. फोन बंद नव्हता. अकरा चाळीसला तुमचा फोन आला. मी वर्गाबाहेर येऊन उचलला.

तुम्ही म्हणालात, 'सुरभी, पोरीचं आंग तापून राह्यलं. मोठी बाटली सरली. लहान हाये, पन तिले दोरा नाई. कोन्त हाये हे?'

मी म्हणाले, 'आई, लेबल लावलंय ना मी सगळ्यांना.'

'लेबल हाये वो. मले का समजते त्यातलं.'

त्या दोघी व्हरांड्यात उभ्या होत्या. मी त्यांच्याकडे पाहून हसले. तुम्हाला म्हणाले, 'नारिंगी आहे ना? मग तेच. झाकणभर द्या. सहा तासांनी परत द्या.'

तुम्ही म्हणालात, 'बरं.'

आमच्या घरात दोन्ही औषधं नारिंगी होती. हे मला माहीत होतं. त्या क्षणी आठवलं नाही, कारण आठवायला थांबले नाही. तुम्ही मी सांगितलं तेवढंच दिलंत, मी सांगितल्या वेळेला दिलंत. पावणेसहाला दुसरं झाकण दिलंत. मी सहाला घरी आले तेव्हा रक्षा ओकत होती आणि बाटलीच्या तळाला थोडंसं उरलं होतं.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कुणी दिलं. तिथे नीलेश होता, आत्याबाई होत्या, दोन सिस्टर होत्या. मी म्हणाले, 'माझ्या सासूबाईंनी. त्यांना वाचता येत नाही.' नीलेशने विचारलं, फोन का नाही केला. मी म्हणाले, माझा फोन बंद होता.

तुम्ही भिंतीशी उभ्या होतात. हातात रक्षाचा ओकलेला फ्रॉक होता, पिळलेला. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी वाट पाहिली की तुम्ही आता बोलाल. तुम्ही फ्रॉक झटकला आणि धुवायला घेऊन गेलात.

तुमचा फोन टीव्हीच्या फळीवर नाही. माझ्या आलमारीत, साड्यांच्या खाली, बंद करून ठेवला आहे. त्यात त्या दिवशीची नोंद आहे. अकरा चाळीस, एक मिनिट चार सेकंद. ती पुसायला मी फोन दोनदा हातात घेतला. पुसली नाही, एवढंच माझ्या बाजूने लिहिता येतं.

काल कवडू गेल्यावर मी हे सगळं नीलेशला दुकानातच सांगितलं. त्याने गल्ला बंद केला, उघडला, पुन्हा बंद केला. मग म्हणाला, 'अन् आईनं हे कोनालेच नाई सांगतलं?'

'नाही.'

तो बँकेत गेला नाही. संध्याकाळी घरी आला तेव्हा चप्पलही न काढता दारात म्हणाला, 'तीन दिवस मी तिले पानी पन नाई इचारलं, दवाखान्यात.' एवढंच बोलला. आज सकाळपासून माझ्याशी बोललेला नाही. बोलेल तेव्हा बोलेल.

आत्याबाईंनाही सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, 'मले वाटलंच. प्रमिला सारी जिंदगी तोंडानं फटकळ, अन् तिथी उगी उभी राह्यली, तं काही तरी असनच.' मग सूप माझ्याकडे सरकवून उठल्या. उरलेले तांदूळ मी निवडले.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंकडे रक्षाचा कान दाखवायला जायचं आहे. त्यांनाही उरलेलं सांगणार आहे. ज्या दवाखान्यात खोटं बोलले तिथल्या डॉक्टरांनाही सांगणार आहे. त्यांच्या कागदावर 'आजीने चुकून दिले' असं लिहिलेलं आहे. ते बदलेल की नाही माहीत नाही. मी सांगणार आहे.

माफी इथे लिहीत नाही. इथे लिहिली तर ती तुम्हाला अंकिताच्या आवाजात ऐकू येईल. ती मी तिथे येऊन मागेन.

सुरभी


नाचणगाव,
४ डिसेंबर २०२५

आई,

बाबाराव मामा सोमवारी दुकानात आले. काडीपेटी दिली. नीलेशने ती दुकानात उघडली नाही, तशीच घरी आणली आणि माझ्या हातात दिली. आत लाल दोरा होता, चार गाठींचा. नवा.

तुमचा निरोप मामांनी नीलेशला सांगितला आणि नीलेशने मला, तुमच्याच शब्दांत. काही सोडलं नाही ना, असं मी त्याला दोनदा विचारलं. तो म्हणाला, 'नाई वो. मामाजीनं माह्याकडून पाठ करून घेतलं.'

दोऱ्याचं असं. सकाळी चार गाठी. एकदा औषध दिलं की एक सोडायची, ज्याने दिलं त्याने. गाठ उरली नाही तर दुसऱ्या सकाळपर्यंत बाटलीले हात लावायचा नाई, पोरगी कितीबी रडो, दवाखाना गाठायचा.

नंतर तुम्ही म्हणालात, 'तू हसली ते मले फोनात आइकू आलं होतं. म्हनून दुसऱ्या खेपेले इचारायची लाज वाटली. इचाराले पाहिजे होतं. पोरीपेक्षा माही लाज मोठी नव्हती.'

हे ऐकून मी बराच वेळ काडीपेटी उघडझाप करत बसले. तुमचा वाटा तुम्ही उचललात. तो मी तुमच्याकडून काढून घेत नाही. पण माझा आहे तेवढाच राहतो, त्यातला कमी होत नाही.

मामांनी अजून सांगितलं. पत्र वाचलं तेव्हा ओट्यावर चार घरच्या बाया होत्या. अंकिता मध्येच थांबली, तर तुम्ही म्हणालात, 'वाच पुढं. तिनं लिहिलं तं तुले वाचाले काय होते.' आणि जाता जाता मामा नीलेशला म्हणाले, 'तुह्या मायले घेऊन जा बाप्पा. म्हैस बी कटाळली आता.'

आता तुमची अट. 'औषध मी देईन तं येईन. नुसती पोरगी धरून बसाले नाई येत.'

पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं, औषध फक्त मी देईन. ते मागे घेते. आलमारीचं कुलूप काढलं आहे. किल्ली तुमच्या देवघरात ठेवली, तिचं काय करायचं ते तुम्ही ठरवा. लेबल काढलेलं नाही, ते मला लागतं. दोरा तुम्हाला लागतो. दोन्ही राहतील. बाटलीवर डॉक्टरीणबाईंनी लिहिलेलं माप आहे, आणि पिचकारीवर तेवढ्याच मापाला नीलेशने लाल नेलपॉलिशची रेघ मारली आहे. त्या रेघेपर्यंत भरायचं. वाचावं लागत नाही. रक्षाचं वजन आता अकरा किलो आहे.

दवाखान्यात जाऊन आले. तिथल्या डॉक्टरांनी ऐकलं, जुना कागद काढला आणि खाली एक ओळ लिहिली. मी वाचायला मागितली नाही.

आठ तारखेला, सोमवारी, मला कॉलेजात रुजू व्हायचं आहे. तुम्ही आला नाहीत तर मी रजा वाढवेन, पगार कापला तरी. रक्षाला दुसऱ्या कुणाकडे ठेवणार नाही. हे तुम्हाला भरीला घालायला लिहीत नाही. तसं ठरलं आहे.

काल रक्षाला ताप आला. सर्दीचा. सकाळी आठला शंभराच्या वर गेला आणि ती अंग टाकून बसली, तेव्हा मी बाटली काढली. रेघेपर्यंत भरलं, दिलं, एक गाठ सोडली. गाठ सुटता सुटेना, तुम्ही फार घट्ट मारता. दुपारी मी भाकरी टाकत होते. ताप पुन्हा चढला. नीलेशने बाटली उचलली, दोरा पाहिला, घड्याळ पाहिलं. अडीच वाजले होते. मला काही विचारलं नाही. औषध दिलं आणि दुसरी गाठ सोडली. मग म्हणाला, 'भाकर जळून राह्यली.' तुमचा निरोप सोडला तर दहा-बारा दिवसांत तो स्वतःहून माझ्याशी पहिल्यांदा बोलला.

संध्याकाळी ताप उतरला. रक्षाने वरणभात खाल्ला, आत्याबाईंच्या पाठीवर चढली.

दोऱ्याला दोन गाठी उरल्या. ताप उतरल्यावर उरलेल्या गाठींचं काय करायचं, ते तुमच्या निरोपात नव्हतं. आत्याबाईंनाही माहीत नाही. मी हात लावलेला नाही.

शनिवारी सकाळच्या गाडीने मी गिरडला येते. नीलेश गाडी काढतो म्हणाला, मी नको म्हटलं. तुम्ही जशा गेलात तशी येणार आहे, एसटी बदलत. तुमचा फोन, रक्षा आणि बाटली सोबत आहे. दोरा बाटलीलाच आहे, दोन गाठींसकट.

दुपारी बारापर्यंत पोचेन. गोठ्यात जाऊ नका.

सुरभी